डोक्यावर कर्ज असताना दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला, द्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा. वय 31, वाळूजला कंपनीत नोकरी, हातात पगार 28,000. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिचे 9,000. गाव अंबड तालुक्यात, वडिलांची चार एकर कोरडवाहू, त्यावर पीककर्ज, गावाकडे महिन्याला 4,000 पाठवतो. आईच्या ऑपरेशनला सावकाराकडून 60,000 उचललेले, शेकडा तीनने. मध्यंतरी एका कन्व्हेन्शनमध्ये वक्त्याने सांगितलं की जो दशमांश देत नाही तो देवाला लुबाडतो. घरातलं आजारपण आणि रानातली नापिकी त्यामुळेच. त्या भरात 11,000 चा संकल्प लिहून दिला, आता वसुलीसारखे फोन येतात. पत्नी म्हणते, आधी सावकार. तर दशमांश द्यायचा का, कपातीआधीच्या पगारावर की हातात येतो त्यावर, कुणाकडे द्यायचा आणि त्या संकल्पाचं काय करायचं?

सलाम. मी उपदेशक नाही. नोकरी बँकेत केली आणि बऱ्याच वर्षांपासून आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार आहे. रविवारी दानाची थैली फिरते ती शेवटी माझ्यासमोर उलटी होते. त्यामुळे देणाऱ्यांचे आणि न देणाऱ्यांचे, दोघांचेही हिशोब मी पाहिलेत. तुमची पत्नी बरोबर आहे, पण अर्धी.

आधी त्या वक्त्याचं बघू. त्याने बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला असणार, दहावं वचन. दशमांश भांडारात आणा, मग मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही बघा. वचन खरं आहे. पण त्याच अध्यायात पाच वचनं आधी देव कुणाच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो ते लिहिलंय: मजुराची मजुरी दाबणारे, विधवेला आणि पोरक्याला नाडणारे, परक्याचा हक्क हिरावणारे. ते वचन कन्व्हेन्शनच्या मांडवात मी कधी ऐकलं नाही. आणि भांडार म्हणजे कुणाचं खासगी खातं नव्हे. यरुशलेमेतलं ते धान्याचं कोठार. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी लोकांना जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचं पोट त्यावर. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात गोष्ट आहे की लोकांनी वाटा देणं थांबवलं तेव्हा लेवी आणि गाणारे सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. आपल्याकडे हे परकं नाही. खेडेगावच्या मंडळीत पाळकसाहेबांचा पगार तीन-तीन महिने थकतो आणि मग ते विम्याचे फॉर्म भरून घेत फिरतात. मलाखी बोलतोय ते या दुखण्याबद्दल. तुमच्या आईच्या ऑपरेशनबद्दल नाही.

'पेरा म्हणजे शंभरपट उगवेल' असं जे सांगतात ते बहुधा मराठवाड्यात राहिलेले नसतात. जूनच्या पहिल्या पावसावर पेरायचं, मग वीस दिवस उघडीप, बियाणं जळून जातं, पुन्हा पिशवी आणायची आणि दुबार पेरणी करायची. ज्याने हे केलंय त्याला कुणी सांगू नये की पेरलं की उगवतंच. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा तिथल्या मंडळीतल्या लोकांनी थैलीत टाकणं थांबवलं होतं म्हणून पाऊस पडला नाही, असं कोण म्हणेल? निर्दोष ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याचे मित्र असंच म्हणत होते, आणि देवाने त्यांनाच दोषी ठरवलं.

मग दशमांश सोडून द्यायचा? तसं नाही. दशमांश मूळचा काय होता हे एकदा नीट बघा, भीती आपोआप जाते.

बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा चौदावा अध्याय काढा. शेताच्या उत्पन्नाचा दहावा भाग बाजूला काढायचा, देवाने निवडलेल्या ठिकाणी न्यायचा आणि तिथे घरच्यांसकट खायचा. हो, खायचा. गाव लांब असेल तर तो विकून पैसे कनवटीला बांधायचे आणि तिथे गेल्यावर मनाला येईल ते घ्यायचं, बैल, मेंढरं, द्राक्षारस, आणि देवासमोर आनंद करायचा. गावातल्या लेव्याला मात्र विसरायचं नाही. दर तिसऱ्या वर्षी तो दहावा भाग गावातच साठवायचा, म्हणजे लेवी, परका, पोरका आणि विधवा येऊन पोटभर खातील. लातूर-धाराशिवकडची येळवस ज्याने पाहिली त्याला हे लगेच कळेल. मार्गशीर्ष अवसेला सगळं गाव रानात, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं. दशमांशाचा तोंडवळा असा होता. वसुलीचा नव्हता.

शिवाय तो धान्याचा, फळांचा आणि जनावरांचा होता. सुताराने वा रोजगाऱ्याने आपल्या रोजाचा दहावा हिस्सा द्यावा असं नियमशास्त्रात कुठे नाही. उलट वेचणीचा हक्क गरिबाकडे: शेताच्या कडा कापू नका, राहिलेली पेंढी आणायला परत फिरू नका. गरीब विधवा रूथ बवाजाच्या शेतात गेली ती याच हक्काने. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीला राहिलेली बोंडं किंवा भुईमूग काढल्यावर सरवा वेचायला बायका येतात. त्यांना हुसकावणारा शेतकरी रविवारी दशमांशाचं पाकीट टाकतो, असं मी पाहिलंय. येशूने हेच म्हटलं होतं: पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश मोजता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता.

आता पौल, पहिल्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अध्याय पूर्ण पैशावर आहेत, यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करण्यावर. त्यात दशमांश हा शब्द एकदाही येत नाही. तो म्हणतो, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने किंवा भाग पडतं म्हणून नको. आणि जे आपल्याजवळ आहे त्याप्रमाणे, नाही त्याप्रमाणे नव्हे. हे शेवटचं वाक्य मी कर्जबाजारी माणसाला नेहमी दाखवतो. सावकाराचे पैसे तुमच्याजवळ 'आहेत' असं धरता येत नाही.

म्हणून पत्नी बरोबर. ज्याचं देणं लागतो ते आधी. त्यातही क्रम आहे. पहिला मजूर. वडिलांनी सोयाबीन काढणी उक्ती दिली असेल आणि बायांचे पैसे 'पट्टी आल्यावर देतो' म्हणून अडकले असतील, तर त्या पैशातून मंडळीला एक रुपया देऊ नका. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हणतो, ती अडवलेली मजुरी ओरडते आहे. दुसरे आईवडील. परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहूदी लोक, आईबापाला द्यायचं ते 'देवाला वाहिलं' म्हणून मोकळे होत, येशूने त्यावर त्यांना चांगलंच झापलं, मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. तुम्ही गावाकडे महिन्याला 4,000 पाठवता ना, ते देवाच्या वाट्यातून चोरलेले नाहीत. मात्र घरच्यांची काळजी घ्या या वचनाखाली लग्नातला डीजे आणि हुंडा बसत नाही. ते लोक काय म्हणतील याचं कर्ज आहे, आणि आपल्या लोकांत निम्मी सावकारी त्यातूनच होते.

तिसरा सावकार. शेकडा तीन म्हणजे महिन्याला 1,800, वर्षाला 21,600. मुद्दल जिथल्या तिथे. वर्षाला 36 टक्के झाले. परवानाधारक सावकारालाही एवढं घेता येत नाही, आणि परवान्याशिवाय सावकारी हा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे करता येते. भांडण नको असेल तर पत्नीच्या दागिन्यांवर सोनेतारण काढून हे एकरकमी फेडा. दागिने तिचे, निर्णय तिचा. वर्षाला 12 टक्के धरले तरी व्याज महिन्याला 600 वर येतं. आज जाणारे 1,800 तसेच ठेवले तर त्यातले 1,200 मुद्दलात जातात. वर आणखी 2,000 घातलेत तर दीड-पावणेदोन वर्षांत सुटाल. पीककर्जाची मात्र मुदत चुकवू नका. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. थकलं की सवलतही जाते आणि पुढच्या हंगामाला बँक दारात उभं करत नाही. माफी येईल म्हणून ऐपत असताना भरायचं नाही, हा प्रकार ख्रिस्ती माणसाने करू नये, एवढंच म्हणतो.

आता पत्नी अर्धी चूक कुठे. 'आधी सगळं फिटू दे' असं म्हणणाऱ्यांपैकी फारच थोडे पुढे देताना मी पाहिले. सावकार फिटला की गाडीचा हप्ता येतो, तो संपला की प्लॉट, मग लेकराची इंग्लिश मीडियमची फी. लूकच्या बाराव्या अध्यायातला धनवान कोठारं मोडून मोठी बांधायला निघाला होता, त्याच्यावर तर कर्जही नव्हतं. हात आखडला की आखडलेलाच राहतो. म्हणून थोडं द्या, पण आजपासून द्या आणि नेमाने द्या. पौलाने करिंथकरांना सांगितलं तेच: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. महिन्याच्या शेवटी उरलेलं द्यायचं म्हटलं तर काही उरत नसतं.

तुमच्या दोघांच्या 37,000 चा दहावा हिस्सा 3,700. आज तो देऊ नका. आज 1,000 द्या. 600 मंडळीला, 400 वेगळ्या डब्यात, त्यातून शेजारपाजारी ज्याला गरज पडेल त्याला. सावकार फिटला की दोघांनी बसून आकडा वाढवायचा, आणि 3,700 वर येऊन थांबायचंच असंही नाही. दोन लाख कमावणाऱ्या डॉक्टरने 20,000 दिले तर 1,80,000 उरतात. त्याला दहा टक्के म्हणजे सूटच आहे. जकातदार जक्कयाने निम्मं दिलं आणि ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत केलं.

कपातीआधी की नंतर? हातात येतो त्यावर. पीएफचे पैसे निवृत्तीला हातात येतील तेव्हा विचार करा. ढोबळ की निव्वळ हा प्रश्न खरा शेतकऱ्याचा आहे, आणि तिथे उपदेशक फार चुकीचं शिकवतात. तुमच्या वडिलांचंच उदाहरण घ्या. चार एकरात 20 क्विंटल सोयाबीन झालं असं धरू. 2024-25 ला हमीभाव 4,892 होता, पण आडतीवर त्याच्या बराच खाली गेला, 4,200 धरा. पट्टी 84,000 ची. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी, भाडं मिळून 60,000 गेले. राहिले 24,000. कुणी 84,000 वर दशमांश मागितला तर ते 8,400 होतात, म्हणजे घरात राहिलेल्या पैशातला पस्तीस टक्के. हा दहावा भाग कसा? खर्च वजा जाता जे राहिलं त्यावर मोजा. घरखर्च मात्र वजा करायचा नाही, नाहीतर कुणाचंच काही निघणार नाही.

ज्यांच्याकडे नगद नसतं त्यांच्यासाठी हंगामाचा सण आहे, आणि माझ्या मते आपल्या मंडळ्यांतली ही सगळ्यात शहाणी चाल. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळा, गावरान कोंबडी, डब्यात भुशात ठेवलेली अंडी, जे असेल ते वेदीपुढे येतं आणि भक्तीनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी 500 ला जाते. घेणारा ती परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते. ज्या बाईने जुडी आणली तिचं दान तेवढं मोठं होतं. मजा असते, लेकरं ओरडत असतात. फक्त खजिनदाराला विचारा की बोलीतले किती वसूल होतात! मोठ्याने बोली लावणाऱ्यांची उधारी नाताळापर्यंत चालते. आम्ही नियम केला: जुडी हातात घ्यायच्या आधी पैसे पेटीत. बोलीचे आकडे खाली आले, जमा वाढली.

कुणाकडे द्यायचं याला माझं उत्तर सरळ आहे: जिथे हिशोब दिसतो तिथे. पौल स्वतः वर्गणी घेऊन एकटा गेला नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, आणि कारणही लिहून ठेवलं की एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी दोष लावू नये. मंडळीत थैली दोघांनी मिळून मोजायची, वहीत दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा, तिमाहीचा हिशोब फळ्यावर. नोंदणीकृत न्यास असेल तर दरवर्षी लेखापरीक्षण करून धर्मादाय कार्यालयाला पाठवावं लागतं. ते दाखवा म्हणण्यात अविश्वास नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की वर नाव येतं ते वाचा. मंडळीच्या किंवा न्यासाच्या नावाऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा, माणूस कितीही भला असो.

हिशोब मागण्याचा आपल्या लोकांना संकोच वाटतो त्याला जुनं कारण आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली तेव्हापासून शाळा, दवाखाना, वसतिगृह सगळं मिशनचं. साहेब देणार, आपण घेणार. 1972 च्या दुष्काळात मदतीची सुकडी आणि मिलो (परदेशी ज्वारी) खाल्लेली पिढी अजून आपल्यात आहे. देणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम, ही सवय तिथून आली. आता परदेशी देणगीचे नियम कडक झालेत, 2020 नंतर फारच. आजच्या पाळकाचा पगार आणि वसतिगृहाची चूल आपल्याच पैशावर चालायची आहे, हे आपण अजून नीट मनावर घेतलेलं नाही. प्रेषितांच्या काळात अंत्युखियाच्या नव्या मंडळीला दुष्काळाची खबर लागली तेव्हा त्यांनी ऐपतीप्रमाणे यहूदीयात मदत पाठवली. ती मंडळी काही श्रीमंत मिशन नव्हती.

करसवलतीचं कुणी सांगेल. नव्या करप्रणालीत देणगीची वजावट नाही. जुन्या प्रणालीतही विशिष्ट धर्मसमुदायासाठीच असलेल्या न्यासाला ती बहुधा लागत नाही, आणि 2,000 च्या वर रोख दिलं तर कुणालाच नाही. तुमच्या पगारावर तो विषयच नको.

एक गोष्ट घरातली. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं येशू म्हणाला, पण डावा हात म्हणजे बायको नव्हे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या उदार हाताचं आपण कौतुक करतो. घरात आलेलं कुणालाही देऊन टाकणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार कसा रेटला, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय म्हणून निदान आपल्याला माहीत तरी झालं. तिच्या 9,000 मधून काय द्यायचं ते ती ठरवेल. आणि डब्यातल्या 400 मधून कुणाला उसने देणार असाल तर देतानाच सोडून द्या. परत आले तर डब्यात टाका. लूकच्या सहाव्या अध्यायात तसंच आहे, शिवाय नातीही टिकतात.

राहिला संकल्प. बायबलातल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, म्हणून तो गुंडाळून ठेवा असं मी सांगणार नाही. पण लेवीयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, जिथे नवसाच्या रकमा ठरवून दिल्यात, तिथेच आठव्या वचनात सोय आहे: नवस करणारा गरीब असून तेवढं देऊ शकत नसेल तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे रक्कम ठरवावी. तुमच्या पाळकसाहेबांकडे दोघं मिळून जा, कर्जाचे आकडे समोर ठेवा आणि त्यांना रक्कम ठरवू द्या. ते 1,100 म्हणाले तर 1,100. फोन करणाऱ्याला सांगा की एवढी देतो, न्यासाच्या नावाची नोंदणी क्रमांक असलेली पावती आणि बँक खातं पाठवा. पाठवलं तर भरून टाका. नाही पाठवलं तर तेवढेच पैसे आपल्या भागातल्या एखाद्या वसतिगृहात ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं राहत असतील तिथे द्या, पावती घ्या, आणि तो नंबर ब्लॉक करा.